मणक्यातली गाठ आणि नगर-मुंबईचं अंतर

मंडळी, सुरुवात चपलेपासून करू. कण्याच्या आत गाठ वाढत असलेला माणूस पुष्कळदा आधी एवढंच सांगतो, की चालताना पायातली चप्पल निसटते आणि निसटल्याचं कळत नाही. मग पाय जड होतात, शेवटी लघवीवरचा ताबा जातो. मज्जारज्जूच्या आवरणातून किंवा नसेच्या मुळातून उगवणाऱ्या बऱ्याच गाठी कॅन्सरच्या नसतात. त्या हळूहळू वाढतात आणि मज्जारज्जू दाबत नेतात. वेळेत काढली तर माणूस चालत घरी जातो. उशीर झाला तर गाठ निघते, पाय परत येत नाहीत.

म्हणून या शस्त्रक्रियेचा इतिहास मला हातापेक्षा घड्याळाचा वाटतो. लंडनमध्ये 1887 च्या जूनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ले यांनी गिल्बी नावाच्या कॅप्टनच्या कण्यातली गाठ काढली. गिल्बींची पाठ काही वर्षं दुखत होती, बरेच डॉक्टर झाले होते. गाठच आहे, हे ओळखलं विल्यम गॉवर्स यांनी, निव्वळ तपासून. एक्स-रेचा शोध लागायला अजून आठ वर्षं होती! मणके उघडले तर गाठ दिसेना. आणखी वर उघडलं, तेव्हा सापडली. रुग्ण पुन्हा चालू लागला.

आपल्याकडे हे यायला साठेक वर्षं गेली. 1949 मध्ये वेल्लोरला जेकब चँडी, 1950 मध्ये मद्रासला बी. राममूर्ती, आणि त्याच सुमारास मुंबईत डॉ. राम गिंडे. आधी जे. जे., पुढे बॉम्बे हॉस्पिटल. त्या पिढीची मुख्य अडचण गाठ काढण्याची नव्हती, शोधण्याची होती. साध्या एक्स-रेत हाड दिसतं, गाठ दिसत नाही. शिवाय आपल्याकडे पाय लुळे पडले की पहिला संशय मणक्याच्या क्षयाचा, आणि तो बऱ्याचदा खराही असायचा. मग पाठीत सुई घालून तेलकट औषध सोडायचं, रुग्णाला टेबलाला बांधून टेबल डोक्याकडे, पायाकडे कलतं करायचं आणि औषध कुठं अडतं ते पडद्यावर बघायचं. अडलं तिथं उघडायचं. औषध टोचल्यावर डोकं भयंकर दुखायचं, बरं का.

शस्त्रक्रियेनंतर काम संपायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलणं, लघवीची नळी, टाचांखाली उशी. हे चुकलं तर पाठीला जखमा होतात, आणि त्या काळी कित्येक रुग्ण गाठीनं नव्हे, अशा जखमांनी आणि लघवीच्या संसर्गानं गेले. गावाकडे परतल्यावर हे सगळं घरच्या बाईच्या अंगावर पडायचं. तिचं नाव कुठल्याच केसपेपरवर नसतं.

आता नगर. शहराच्या उत्तरेला मेहेराझादला मेहेरबाबा राहत. त्यांचा आजार गाठीचा नव्हता, पण मज्जासंस्थेच्या तक्रारींसाठी त्यांना तपासायला येत ते हेच डॉ. गिंडे. 31 जानेवारी 1969 ला गिंडेंना बोलावणं होतं. ते मेहेराझादला पोचले तेव्हा बाबांचं देहावसान झालेलं होतं, दुपारी सव्वाबाराला. देशभर भक्त असलेल्या माणसालाही न्यूरोसर्जन मुंबईहूनच आणावा लागत होता. मग अकोल्याच्या डोंगरातल्या किंवा पाथर्डीच्या ऊसतोड कामगाराचं काय होत असेल? तो तर मुंबईला निघायचाच नाही. हाडवैद्य, मालीश, नवस, आणि मग खाट.

1984 मध्ये लोणीला मेडिकल कॉलेज झालं, पुढं नगर शहरात एमआरआय आले. तेलकट औषधाचा तो खेळ आता कुणी करत नाही. एमआरआयमध्ये गाठ सरळ दिसते. रस्त्याचं अंतर कमी झालं. घरातलं अंतर मात्र फारसं नाही. पाय जड झालेल्या बाईला अजूनही 'वय झालं' म्हणतात आणि मालीशवालीला बोलावतात, आणि तिची चप्पल उंबऱ्यापाशी पडून राहते.