सुलतानपूरच्या बाईचे दुःख कोण ऐकणार?

एखाद्या बाईची झोप उडाली, ती जेवेनाशी झाली, एकटीच बसून रडू लागली की गावात दोनच निदाने होतात. एक, तिला बाहेरचे लागले. दुसरे, ती नाटके करते. लोणार तालुक्यातले सुलतानपूर असो की बुलडाणा जिल्ह्यातले दुसरे कोणतेही गाव, रोजाने निंदायला जाणाऱ्या बौद्ध, मातंग, भटक्या, आदिवासी बाईच्या वाट्याला हेच येते. मग लिंबू उतरवणे, अंगारा, गंडादोरा. दवाखाना सर्वांत शेवटी. तुला काय होते, हे तिलाच विचारावे असे कुणाला वाटत नाही.

मानसिक आरोग्य म्हणजे शहरी लोकांचे चोचले, असे आपले काही कार्यकर्तेही म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. बाईला बोलते करणे आणि तिच्यामागे समाज उभा करणे, इथूनच तर आपली चळवळ सुरू झाली. इतिहास पाहा.

१८५५ साली सावित्रीबाई-जोतिरावांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायांचे हाल तिने त्यात मांडले. १८६३ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेला फसवणारा पुरुष उजळ माथ्याने फिरत होता आणि ती मात्र जीव द्यायला निघत होती. फुल्यांनी तिला उपदेश केला नाही. गुपचूप बाळंत होण्यासाठी जागा दिली, सावित्रीबाईंनी शुश्रूषा केली. काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. आज ज्याला समुदायाधारित मानसिक आरोग्य सेवा म्हणतात, ती याहून वेगळी काय असते?

आता आपल्या जिल्ह्याकडे या. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येच्या गुन्ह्यात फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीला शिव्या पडू लागल्या. तेव्हा बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून विचारले की दोष फक्त बाईचाच कसा? त्यांच्यावर टीकेची झोड उठली. जोतिरावांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली, पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. ते पुस्तकही विस्मरणात गेले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केले. बोलणाऱ्या बाईला एकटे पाडले की काय होते, हे बुलडाण्याने तेव्हाच पाहिले आहे.

या दुःखाचे मूळ बाबासाहेबांनी दाखवले. १९१६ च्या कोलंबिया विद्यापीठातील निबंधात त्यांनी मांडले की सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या जात टिकवण्यासाठी वापरलेल्या प्रथा आहेत. म्हणजे बाईची घुसमट ही तिच्या नशिबाची गोष्ट नाही, ती जातिव्यवस्थेची गरज आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. हजारो बायांसमोर घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी असे ठराव झाले. घरातल्या घरात रडायच्या गोष्टी मांडवात आल्या. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती नवऱ्याने पाळली तर बायकोला किती स्वस्थता मिळते, हे कोणत्याही वस्तीत विचारा.

आणि आज? २०२१ साली देशात ४५,०२६ स्त्रियांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांतल्या २३,१७८ 'गृहिणी'. शेतात राबणारी पण सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई अनेकदा याच रकान्यात जाते. जिवंतपणी तिची शेती मोजली नाही, मेल्यावरही नाही.

यावर उपाय नाही असे नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावपातळीवर कार्यकर्ते तयार केले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणारे शेकडा ४.३ होते, ते दीड वर्षात २७.२ झाले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर सरकारी उपचार हा प्रत्येकाचा हक्क केला आहे. मग सुलतानपूरच्या बाईने त्यासाठी जिल्ह्याच्या गावी का जावे? एका दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे कोण देणार?

आम्ही औषधाच्या विरोधात नाही. डॉक्टर हवाच. पण गोळीने सावकार थांबत नाही, नवऱ्याचा हात थांबत नाही, विहिरीवरचा टोमणा थांबत नाही. म्हणून दोन्ही हवे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या दिवशी समुपदेशक बसलाच पाहिजे, आशाताईंना या कामाचे प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला मिळालाच पाहिजे, ही सरकारकडे मागणी. आणि आपल्याकडे? विहार जयंतीपुरते उघडू नका. आठवड्यातून एक संध्याकाळ ते फक्त बायांसाठी ठेवा. तिथे भाषण नको, ऐकणे हवे. तिथे सांगितलेले बाहेर जाणार नाही, एवढी शपथ हवी. तोवर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक प्रत्येक विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा.

फुल्यांनी सरकारची वाट पाहिली नव्हती. आपण कशाची वाट पाहतो आहोत?

जय जिजाऊ, जय सावित्री, जय भीम!