'इंडस' : खेळ मोफत, मग पैसे कशाचे?

सातारा किंवा सांगलीत विज्ञानकथेवर आधारलेला नेमबाजीचा व्हिडिओ गेम हवा असेल, तर पूर्वी प्रामुख्याने दोनच मार्ग होते. पुण्याहून मूळ सीडी मागवायची किंवा ओळखीच्या कोणाकडून तिची नक्कल मिळवायची. आता दुकानच मोबाइलमध्ये आले आहे आणि नेमबाजीचे अनेक खेळ तेथे फुकट मिळतात. त्यामुळे प्रश्नही बदलला आहे. खेळ घ्यावा का, यापेक्षा त्यात पैसे घालावेत का आणि किती, याचा विचार पालकांना आणि तरुणांना करावा लागतो. पुण्यात तयार झालेला 'इंडस' हा खेळ त्याचे उत्तम उदाहरण ठरतो.

पुण्याचा विज्ञानकथापट

'इंडस' हा पुण्याच्या 'सुपरगेमिंग' या कंपनीचा 'बॅटल रॉयल' प्रकारातील खेळ आहे. त्याची घोषणा २०२२ मध्ये झाली. अँड्रॉइडवर त्याची पूर्वनोंदणी एक कोटीच्या पुढे गेली आणि १६ ऑक्टोबर २०२४ रोजी तो अँड्रॉइड व आयफोनसाठी उपलब्ध झाला. सिंधू संस्कृती लयाला न जाता पुढेही बहरत राहिली असती, तर भविष्यातील जग कसे दिसले असते, ही त्यामागील कल्पना. 'विरलोक' नावाच्या ग्रहावर खेळाडू उतरतात. तेथे भारतीय धाटणीच्या वास्तू आहेत आणि 'कॉस्मियम' नावाचे मौल्यवान द्रव्य आहे.

या प्रकारातील खेळांत सहसा जो शेवटपर्यंत तग धरतो, तो जिंकतो. 'इंडस'मध्ये मात्र अखेरच्या टप्प्यात कॉस्मियम ताब्यात घेऊनही विजय मिळवता येतो. त्यामुळे केवळ कोपऱ्यात लपून वेळ काढणाऱ्याचा निभाव लागत नाही. नेमबाजीच्या बहुतेक खेळांतील शहरे आणि पात्रे परकी असतात. त्या तुलनेत हे वातावरण मराठी खेळाडूला जवळचे वाटेल.

पैसे कशाचे?

मोफत खेळांचे उत्पन्न खेळाच्या आतील विक्रीतून येते. पात्रांचे पोशाख, बंदुकांची सजावट आणि ठरावीक मुदतीचा 'बॅटल पास' या त्यातील मुख्य वस्तू. साधारणपणे त्यांमुळे नेम सुधारत नाही, फक्त रूप बदलते. शिवाय या वस्तू कंपनीच्या सर्व्हरवर असतात. सर्व्हर बंद पडला किंवा खेळच दुकानातून हटला, तर त्या निरुपयोगी ठरतात.

ही भीती काल्पनिक नाही. 'पबजी मोबाइल'वर केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. 'फ्री फायर'वर फेब्रुवारी २०२२ मध्ये तीच वेळ आली. 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये दुकानांतून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. अशा खेळांत घातलेला पैसा सिनेमाच्या तिकिटासारखा समजावा. तो करमणुकीवर खर्च झाला, त्यातून मालमत्ता झाली नाही.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे. मात्र पोशाख किंवा पास विकत घेणे म्हणजे पैज लावणे नव्हे. त्यामुळे हे व्यवहार वेगळे ठरतात.

विकतचा पर्याय

एकदाच पैसे देऊन घ्यायचा खेळ हवा असेल, तर 'व्हॉल्व्ह' कंपनीचा २००४ सालचा 'हाफ-लाइफ २' आजही विचारात घेण्याजोगा आहे. परग्रहावरून आलेल्या सत्तेने पृथ्वी ताब्यात घेतली आहे आणि गॉर्डन फ्रीमन हा शास्त्रज्ञ तिच्याविरुद्ध लढतो, असे त्याचे कथानक. पडलेल्या वस्तू उचलून शत्रूवर फेकणारी त्यातील 'ग्रॅव्हिटी गन' विशेष गाजली. २०२४ मध्ये, विसाव्या वर्षानिमित्त, त्याचे पुढील दोन भागही मूळ खेळातच समाविष्ट करण्यात आले.

हा खेळ जुना असल्याने वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवरही चालतो. एकदा उतरवून घेतल्यावर तो इंटरनेटशिवाय खेळता येतो. 'स्टीम' या दुकानात २०१५ पासून रुपयांत खरेदी करता येते. खरेदीनंतर १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळल्यास पैसे परत मागता येतात. गूगल प्लेवरील खरेदीसाठी ही मुदत साधारणपणे ४८ तासांची असते.

नेट आणि यंत्र

अलीकडच्या मोठ्या खेळांचा आकार ६० जीबी किंवा त्याहूनही अधिक असतो. मोबाइलच्या दररोज दीड जीबी डेटावर तो उतरवायचा, तर ४० दिवस लागतील. सातारा किंवा सांगली शहरात ब्रॉडबँड असलेल्या घराला ही अडचण नाही. डोंगरी पाटणला किंवा जत तालुक्यातील वाडीवर केवळ मोबाइलच्या भरवशावर असलेल्या खेळाडूने मात्र हा हिशेब आधी करावा. 'इंडस'सारख्या खेळात आकारापेक्षा अखंड जोडणी महत्त्वाची असते. नेट अडखळले, की समोरचा खेळाडू आधी गोळी झाडतो. त्यात बंदुकीचा दोष नसतो आणि पोशाखाचा उपयोगही नसतो.

वयाचा प्रश्न

चित्रपटांना प्रमाणपत्र देणारे मंडळ आहे, तसे खेळांसाठी नाही. गूगल प्लेवर वयोगटाची खूण असते, ती पाहावी. 'हाफ-लाइफ २' अमेरिकेतील वर्गवारीनुसार १७ वर्षांवरील खेळाडूंसाठी आहे. घरात मोबाइल सामाईक असेल, तर प्रत्येक खरेदीपूर्वी पासवर्ड विचारला जाईल अशी व्यवस्था करून ठेवावी. पाचशे रुपयांचा पोशाख मुलाला क्षुल्लक वाटतो, पण महिनाअखेर तो घरखर्चातूनच जातो.

निष्कर्ष

'इंडस' खेळून पाहायला पैसे लागत नाहीत. त्यामुळे किमान आठवडाभर तो फुकटच खेळावा. तरीही गोडी टिकली, तर मर्यादा ठरवून एखादा पास घेणे गैर नाही. ज्याला संपूर्ण कथा, स्वतःच्या सवडीचा वेळ आणि नेटपासून मुक्ती हवी आहे, त्याने 'हाफ-लाइफ २' सवलतीच्या काळात घ्यावा. खर्च केलेल्या पैशांचा मोबदला तेथे अधिक मिळतो.