अपस्माराची गोळी आणि साठीनंतरचे शरीर

देगलूरच्या बाजारात मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषा कानी पडतात. एकाच दुखण्याला मराठीत फेफरे, कन्नडमध्ये मूर्छे रोग आणि तेलुगूत मूर्छ म्हणतात. वैद्यकातले जुने नाव मात्र अपस्मार. चरकसंहितेत निदानस्थान आणि चिकित्सास्थान या दोन्हींत त्यावर स्वतंत्र अध्याय आहेत. अपस्मार म्हणजे स्मृती हरपणे. उतारवयातला हा आजार ओळखायला आम्हांला हेच नाव अधिक उपयोगी वाटते. कारण सत्तरीतला माणूस दरवेळी हातपाय झाडत पडतोच असे नाही. बोलता बोलता तो थांबतो, नजर खिळते, ओठ चाळवतात आणि मग बराच वेळ तो गोंधळलेला राहतो. घरचे म्हणतात, वय झाले! पुष्कळदा त्यामागे पूर्वी येऊन गेलेला पक्षाघात असतो.

यावरच्या औषधांचा इतिहास योगायोगांनी भरलेला आहे. १८५७ साली लंडनमध्ये चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडचा गुण सांगितला. ते राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणांचे डॉक्टर. स्त्रियांचे झटके मासिक पाळीशी निगडित आहेत, असा त्यांचा समज होता. ब्रोमाइडचा उपयोग त्या समजाच्या पलीकडे, इतर रुग्णांनाही झाला! परंतु रक्तातले ब्रोमाइड निम्मे व्हायलाच सुमारे बारा दिवस लागतात आणि ते बाहेर पडते मूत्रपिंडांवाटे. वयाबरोबर मूत्रपिंडे मंदावतात, म्हणजे औषध साठत जाणार. साठलेल्या ब्रोमाइडने माणूस भ्रमिष्ट होतो.

१९१२ मध्ये जर्मनीतील आल्फ्रेड हाउप्टमान यांनी रुग्णांना शांत ठेवण्यासाठी फिनोबार्बिटाल दिले, तेव्हा झटकेही कमी झाल्याचे त्यांना दिसले. आपल्याकडे ‘गार्डिनल’ म्हणून ओळखली जाते ती हीच गोळी. ती स्वस्त आणि गुणकारी आहे, पण गुंगी आणते.

गुंगीशिवाय झटके थांबतील का? बोस्टनच्या मेरिट आणि पटनम यांनी मांजरांना विजेचे झटके देऊन एकेक रसायन तपासले आणि १९३८ मध्ये फेनिटॉइन पुढे आणले. त्याचे गणित मात्र वाकडे आहे. बसस्थानकावरच्या तिकीट खिडकीचे उदाहरण घेऊ. खिडकीतला माणूस तासाला ठरावीकच तिकिटे देऊ शकतो. येणारे प्रवासी त्याहून थोडे जरी वाढले, तरी रांग वाढतच जाते. यकृतातले विकर फेनिटॉइनच्या बाबतीत असेच अडते. मात्रा थोडीशी वाढवली, तरी रक्तातले प्रमाण एकदम चढू शकते. त्यातच वृद्धांच्या रक्तात औषध धरून ठेवणारे अल्ब्युमिन कमी असले, तर मोकळे औषध जास्त उरते. चाल अडखळते, माणूस पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. वर्षानुवर्षे घेतल्यास ही औषधे हाडेही ठिसूळ करतात.

नवल असे, की वृद्धांसाठी कोणती गोळी बरी, याचा मोठा तौलनिक अभ्यास यायला २००५ साल उजाडले. अमेरिकेत साठीपुढच्या ५९३ नव्या रुग्णांवर जेम्स रोवन व सहकाऱ्यांनी तीन औषधे तपासली. झटके रोखण्यात तिन्ही जवळपास सारखीच ठरली, पण कार्बामाझेपिन घेणाऱ्यांतील अधिक जणांना त्रासामुळे औषध सोडावे लागले. लॅमोट्रिजिन आणि गॅबापेंटिन त्या मानाने सोसली. म्हणजे कस लागला तो गोळी सोसण्याचा. म्हणूनच आता मात्रा लहान ठेवून सुरुवात करतात आणि ती सावकाश वाढवतात. १९९९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या लेव्हेटिरासिटामची मात्रा तर मूत्रपिंडांचे काम पाहूनच ठरवतात.

तरुणपणी गार्डिनल किंवा फेनिटॉइन सुरू झालेली कितीतरी माणसे आज आजी-आजोबा झाली आहेत. गोळी तीच राहिली, शरीर बदलले, शिवाय रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांची भर पडली. फेनिटॉइनमुळे यांतील काहींचा परिणाम कमी होतो. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना सगळ्याच गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. मात्र जुनी गोळी मनानेच एकदम बंद करू नये. तसे केल्यास झटक्यामागून झटके येऊन जिवावर बेतू शकते आणि तेव्हा कांदा किंवा चप्पल हुंगवून काहीच होत नाही.