बिस्किटाला कुणाचा हात लागला?

हातखंबा म्हणजे तिठा. मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग इथे येतो आणि रत्नागिरी शहराचा रस्ता इथूनच फुटतो. कोल्हापूरकडे जाणारी वाहनेही पालीपर्यंत याच वाटेने जातात. इतके रस्ते जिथे भेटतात तिथे नव्या वस्तूही लवकर पोहोचतात. केक मिक्सचे खोके ही त्यातलीच एक. (‘खोके’ या शब्दाला अलीकडे राजकारणाने भलताच अर्थ चिकटवला आहे. इथे पुठ्ठ्याचे, खरेखुरे खोके अभिप्रेत आहे.)

कोकणातल्या मुस्लीम घरांत हे खोके बाजाराच्याही आधी आखाती देशांतून आले. कुवेत, दुबई, मस्कतहून सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या बॅगेत दूध पावडर, टँग आणि अत्तराच्या बाटल्यांसोबत केकचे खोकेही असायचे. वर अरबीत सूचना, मागे ओव्हनचे तापमान. घरात ओव्हन नसायचा. मग ते खोके कपाटात शोभेला राहायचे आणि तारीख उलटल्यावर फेकले जायचे. आता तसे होत नाही. मुली त्याचा केक करण्याऐवजी कढईत मिठाच्या थरावर दहा-बारा बिस्किटे भाजतात. ‘कुकीज’ म्हणतात त्यांना. संध्याकाळच्या चहाला घरापुरती होतात आणि संपतात.

अशी ताटली शेजारी गेली की दोन प्रश्न हमखास येतात. एका घरात विचारतात, ‘यात अंडे आहे का?’ दुसऱ्या घरात विचारतात, ‘हे हलाल आहे ना?’ दोन्ही प्रश्न वरवर वेगळे दिसतात. पण आपल्याकडे भाजलेल्या पिठाचा इतिहास जवळजवळ सगळाच या दोन प्रश्नांभोवती फिरलेला आहे.

सुरुवात नानकटाईपासून करावी लागेल, कारण खोक्यातल्या कुकीची आपल्याकडची थोरली बहीण तीच. शब्द फारसी आहे. ‘नान’ म्हणजे रोटी आणि ‘खताई’ म्हणजे खता देशाची. मध्ययुगात मध्य आशियातले लोक उत्तर चीनला ‘खता’ म्हणत. अफगाणिस्तानात आजही याच नावाचे, याच जातीचे बिस्कीट मिळते. मराठीने त्याचे आधी ‘नानखटाई’ आणि मग ‘नानकटाई’ केले. त्यामुळे कटाईचा अर्थ शोधत बसणाऱ्यांची फसगत होते.

सुरतेत मात्र एक वेगळी हकिकत सांगितली जाते. डच व्यापाऱ्यांनी तिथे आपल्या लोकांसाठी पावाची भट्टी घातली होती. डच गेले तेव्हा ती त्यांच्याकडे काम करणाऱ्या फरामजी पेस्तनजी दोतीवाला या पारशी गृहस्थाकडे आली. पाव फुगवायला ताडी वापरत, त्यामुळे स्थानिक लोक त्याला हात लावेनात. उरलेला पाव सुकून कडक व्हायचा, तो स्वस्तात खपू लागला. त्यावरून दोतीवालांनी कडक बिस्किटे सुरू केली आणि पुढे ताडी व अंडी दोन्ही वगळून नानकटाई केली. दोतीवाला बेकरी आपली स्थापना १८६१ ची सांगते.

ही हकिकत बेकरीचा जन्म सांगते, पदार्थाच्या नावाचा नाही. तूप-दूध घालून भट्टीत भाजलेली नान इथे डचांच्या आधीपासून होती. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत मोठ्या रोटीचे प्रमाणच दिले आहे: १० शेर पीठ, ५ शेर दूध, दीड शेर तूप आणि पाव शेर मीठ. कोकणालाही फारसीचा वारा नवा नव्हता. दाभोळ हे बहामनी आणि आदिलशाही काळातले मोठे बंदर होते आणि तिथून होर्मुझशी व्यापार चाले. तरीही सुरतेच्या हकिकतीतला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. ताडी काढली, अंडे काढले. म्हणजे मुसलमानाची अडचण गेली आणि वैष्णव-जैनांचीही गेली. उरले पीठ, तूप, साखर. सगळ्यांना खाता यावे म्हणून घडवलेला पदार्थ, अशी नानकटाईची ओळख करून दिली तर ती चुकीची ठरणार नाही.

पदार्थ निर्दोष झाला तरी हाताचा प्रश्न उरतोच. तो किती कडवा होता हे पुण्याच्या पंचहौद प्रकरणाने दाखवले. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींना चहा-बिस्किटे देण्यात आली. कुणी घेतली, कुणी नुसता पेल्याला हात लावला. आमंत्रितांत टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते, गोखलेही होते. टिळक आणि गोखले मूळचे आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. गोपाळराव जोशींनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. आपण काशीला प्रायश्चित्त घेतले, असे टिळकांनी सांगितले. रानड्यांनीही पुढे, १८९२ मध्ये, प्रायश्चित्त घेतले, तेव्हा त्यांचे सुधारक मित्र नाराज झाले. न्यायासनावर बसणाऱ्या माणसांनाही एक पेला चहा आणि बिस्किटाचा हिशोब समाजाला द्यावा लागत होता. चहात काय होते आणि बिस्किटात काय होते, हे त्या वादात कुणाला महत्त्वाचे वाटले नाही. ते मिशनऱ्याच्या हातचे होते, एवढेच पुरेसे होते.

आता रत्नागिरीकडे येऊ. १९३१ मध्ये इथे पतितपावन मंदिर झाले आणि १९३३ मध्ये सावरकरांनी अखिल हिंदू उपाहारगृह सुरू केले. ज्यांची सावलीही टाळली जात होती त्यांच्या हातचा चहा सवर्णांनी प्यावा, हा त्यामागचा हेतू होता. ‘रोटीबंदी’ ही त्यांनी तोडायला सांगितलेल्या सात बेड्यांपैकी एक. त्या काळात या गावात हे करणे सोपे नव्हते, हे मान्य केलेच पाहिजे. पण उपाहारगृहाच्या नावातच त्याची हद्दही लिहिलेली होती. रोटीबंदी हिंदूंच्या आत तुटायची होती. शेजारच्या मोहल्ल्याचा विचार त्या पाटीवर नव्हता.

गंमत अशी की मोहल्ल्यातली भट्टी त्या काळातच नव्हे, पुढेही कित्येक वर्षे सगळ्यांच्या कामी आली. ही गोष्ट कुणी चळवळ म्हणून केली नाही, त्यामुळे तिचा इतिहासही कुणी लिहिला नाही. बेकरीची लाकडावरची भट्टी पहाटे पावासाठी कडक तापवतात. पाव निघाल्यावर ती विझत नाही, तिची आच हळूहळू उतरते. पावाला कमी पडणारी ती मऊ आच नानकटाईला आणि टोस्टला नेमकी लागते. म्हणून दिवाळीच्या आधी आणि ईदच्या आधी घरोघरची माणसे रवा, मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत जात आणि नानकटाई करून आणत. किलोमागे मजुरी ठरलेली. पीठ बेकरीवाला मळायचा, पत्र्यावर गोळे तोच मांडायचा, बोटाने मधोमध दाबून वर चारोळीचा दाणा तोच लावायचा. डबा मात्र आपला. त्या डब्यातली नानकटाई दिवाळीच्या फराळाच्या ताटातही जायची आणि शिरखुर्म्याच्या वाटीशेजारीही. साहित्य आपले, मग हात कुणाचा का असेना, अशी ती तडजोड होती. तिचे कुणी ग्रामण्य केले नाही.

साहित्य आपले असण्याला आणखी एक कारण होते, ते म्हणजे तुपाचा भरवसा. १९३७ च्या सुमारास डालडा आला आणि बेकरीतले तूप मागे पडले. वनस्पती तूप स्वस्त, टिकाऊ, आणि नानकटाई त्याने छान भुसभुशीत होते. पण वनस्पतीच्या डब्यात नक्की काय आहे हा संशय कधी गेला नाही, आणि १९८३ मध्ये तो खराही ठरला. परदेशातून आणलेली गाईची चरबी वनस्पतीत मिसळल्याचे उघडकीला आले, देशभर गदारोळ झाला, सरकारने तिच्या आयातीवर बंदी घातली. १८५७ च्या काडतुसांची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे. चरबी कशाची, हा प्रश्न या देशात हिंदू-मुसलमानांनी मिळून विचारलेला आहे. हे आज आठवून द्यावे लागते.

केक मिक्सचे खोके मात्र वेगळ्याच गरजेतून जन्मले. अमेरिकेत पिट्सबर्गच्या ‘पी. डफ अँड सन्स’ या कंपनीकडे काकवीचा साठा होता. ती वाळवून, पिठात मिसळून १९३० च्या सुमारास त्यांनी जिंजरब्रेडचे तयार मिश्रण काढले. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या पीठ गिरण्या या धंद्यात उतरल्या. १९४७ मध्ये बेटी क्रॉकरचे मिश्रण आले, लगोलग पिल्सबरीचे. नुसते पाणी घालून केक होतो म्हणून बायकांना अपराधी वाटू लागले, मग एका मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने कंपन्यांनी अंडे वगळले आणि ‘ताजे अंडे तुम्ही फोडा’ असे सांगितले, ही गोष्ट फार प्रसिद्ध आहे. ती पुरती खरी नाही. गृहिणींना ताजे अंडे आवडते हे डफ कंपनीने १९३० च्या दशकातच ओळखले होते आणि तसे पेटंटही घेतले होते.

तिकडे अंडे घालण्यावरून विचार चालला होता, इकडे तेच खोके आले ते अंडे काढून. ‘एगलेस’, आणि वर ‘कुकरमध्ये करा’. परदेशी कंपन्यांना भारतात शिरताना जी तडजोड करावी लागली ती सुरतेच्या भट्टीने दीडशे वर्षांपूर्वी करून ठेवलेली होती.

२००१ पासून पाकिटावर हिरवा ठिपका आला. तो शाकाहारींच्या सोयीसाठी आला, पण माझ्या मते त्याचा मोठा लाभ मुस्लीम घरांनाही झाला. केक मिक्समध्ये तेल आणि पाणी एकजीव ठेवणारे ‘४७१’ क्रमांकाचे इमल्सिफायर असते. ते वनस्पती तेलापासूनही होते आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर चरबीचा प्रश्न तिथेच मिटतो. फार तर व्हॅनिलाच्या अर्कात अल्कोहोल आहे का, एवढे पाहायचे उरते. हलालचे वेगळे प्रमाणपत्र शोधत बसण्याची गरज भारतीय पाकिटांवर फारशी पडत नाही. तरीही नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणित मालाच्या विक्रीवर बंदी घातली तेव्हा चर्चा अशी झाली, जणू मुसलमानांनी अन्नात काहीतरी नवे खूळ आणले आहे. कुणाच्या हातचे आणि कशाचे, हे विचारण्याचा वारसा तर या मातीत सगळ्यांचाच आहे.

आणि आता हाताचा प्रश्न पुन्हा उठला आहे. २०२२-२३ मध्ये महाराष्ट्रात निघालेल्या मोर्चांतून मुस्लीम दुकानदारांकडून खरेदी करू नका, अशी आवाहने झाली. व्हॉट्सअॅपवर तर बेकरीतल्या पिठाबद्दल काय काय फिरत असते, ते इथे लिहिण्याच्या लायकीचे नाही. जो माणूस ते पुढे ढकलतो तोच केक मिक्सचे खोके बिनदिक्कत फोडतो. ते कुठल्या गावातल्या कुठल्या कारखान्यात, कुणी भरले, त्याला ठाऊक नसते आणि विचारावेसेही वाटत नाही. भट्टीवरचा माणूस मात्र डोळ्यांसमोर असतो. त्याचे नाव ठाऊक असते, त्याच्या बापाचेही. नाव ठाऊक असणे हाच आता त्याचा गुन्हा ठरू पाहतो आहे.

भट्टीपुढे दुसरेही संकट आहे आणि त्यात धर्माचा संबंध नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेकडे वळायला सांगितले. धुराचा त्रास खरा आहे, तक्रार करता येत नाही. पण गॅस बंद केला की आच संपते. पावानंतर तासन्‌तास उतरत जाणारी जी फुकटची ऊब नानकटाईच्या वाट्याला यायची, ती आता वेगळे पैसे मोजून घ्यावी लागेल. लोकांच्या डब्यातले पीठ त्या हिशोबात बसणे कठीण आहे. आदेश मुंबईपुरता आहे, पण कोकणातल्या भट्ट्याही लाकडावरच वाढल्या आहेत.

तोवर घरची कढई आहे. थोडी बिस्किटे करायची तर अख्खे पाकीट फोडून वाया घालवू नये. एक वाटी, म्हणजे साधारण १४० ग्रॅम, मिक्स घ्यावे. त्यात तीन मोठे चमचे पातळ तूप आणि एक लहान अंडे. अंडे नको असेल तर तीन चमचे दूध, तेही एकदम न ओतता. पाकिटावर लिहिलेले पाणी विसरून जावे, कारण ते केकसाठी आहे. मिश्रण सैल वाटले तर चमचाभर बेसन घालावे. नानकटाईचा वासही येतो आणि गोळेही वळतात. परदेशी खोक्यावरची जुनी कृती जशीच्या तशी वापरू नये. अमेरिकेत पूर्वी खोक्यात सुमारे ५१७ ग्रॅम माल असे, आता ४३२ च्या आसपास असतो, आणि तूप-अंड्याचे जुने माप त्यात जास्त होते. कढईत मिठाचा थर देऊन झाकण ठेवून दहा मिनिटे तापवावी, मग ताटली आत ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटे. ओव्हन असेल तर १७५ अंशांवर दहा मिनिटे पुरे. काढताना बिस्किटे मऊच लागतात, कच्ची राहिली असे वाटते. पुन्हा आत ढकलू नयेत. निवली की घट्ट होतात. अंडे घातले असेल तर शेजारी पाठवताना तेवढे सांगून पाठवावे.