स्वस्त भाडे, कुजलेली तुळई

गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, मुंबई सरकारने शहराच्या विकासासाठी ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ (बीडीडी) हे वेगळे खाते काढले आणि वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी इथे कामगारांसाठी २०७ चाळी उभ्या केल्या. त्याच या बीडीडी चाळी. प्रत्येक चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, आणि बांधकाम सिमेंट काँक्रीटचे. परळ-लालबागच्या खासगी चाळींचा लाकडी सांगाडा या बांधकामापुढे तकलादूच होता. तरीही पहिली कित्येक वर्षे या पक्क्या खोल्या, विशेषतः वरळीच्या, मोठ्या संख्येने रिकाम्या पडून राहिल्या, आणि गिरणी कामगार जुन्या चाळीतल्या एका खोलीत दाटीवाटीने, पाळीपाळीने झोपत राहिला. नव्या खोल्यांचे भाडे त्याला झेपणारे नव्हते. वरळीहून गिरणी लांब, बाजारही लांब. शिवाय उधारीवर धान्य देणारा वाणी, महिन्याच्या हिशेबाने जेवू घालणारी खाणावळ आणि गावकऱ्यांचा शेजार हे सगळे जुन्या आळीतच होते. कामगाराला सुरक्षिततेची किंमत कळत नाही असा अर्थ यातून काढणे सोपे आहे, पण तो चुकीचा आहे. कमी भाड्याच्या खोलीत त्याची नोकरी, पत आणि गावाला जाणारी मनिऑर्डर, तिन्ही टिकत होती. मुंबईच्या जुन्या वस्त्यांचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास याच हिशेबाने वाचावा लागतो. कोसळणाऱ्या इमारतीत माणसे राहतात ती केवळ भाडे वाचवण्यासाठी नव्हे, तर त्या जागेवरचा हक्क वाचवण्यासाठी.

आधी सुरक्षिततेच्या नावाने काय घडले ते पाहू. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. नागपाड्यासारख्या कोंदट वस्त्या पाडून हवेशीर रस्ते आणि नवी घरे करायची, हा त्याचा उद्देश. पाडापाडी झपाट्याने झाली, बांधकाम मागे राहिले, आणि उठवलेली माणसे शेजारच्या गल्ल्यांत शिरून तिथली गर्दी वाढवून बसली. आरोग्यासाठी घर सोडलेल्याला घर परत मिळत नाही, हा धडा या शहराने तेव्हाच घेतला. पहिल्या महायुद्धात महागाई भडकली तेव्हा १९१८ मध्ये भाड्यांवर कायद्याचा लगाम आला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला. त्याने प्रमाणभाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले आणि भाडेकरूला सहजी काढता येणार नाही अशी तरतूद केली. निर्वासितांचे लोंढे येत असताना तो कायदा आवश्यकच होता. चूक झाली ती पुढे. तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत अर्धशतक राहिला. भाडे गोठले, पण गवंडी, सुतार, चुना आणि लोखंड यांचे दर कोण गोठवणार? दुरुस्तीची जबाबदारी कायद्याने मालकावरच ठेवली होती. मालकाने ती टाळली तर भाडेकरूने स्वतः करून घ्यावी आणि खर्च ठरलेल्या मर्यादेत भाड्यातून वळता करावा, अशी सोयही होती. पण ज्या भाड्यातून तो वळता करायचा ते भाडेच एवढेसे होते की त्यातून एक तुळई बदलून झाली नसती.

तुळई म्हणजे या घरांचा जीवच. जुन्या चाळी सागवानी खांब, तुळया आणि त्यांमध्ये भरलेल्या विटांच्या. मोरी आणि सामाईक संडासाची गळती तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाशी मुरते. लाकूड बाहेरून धड दिसते आणि आत भुसा होतो. वर पोटमाळ्याचा भार वाढत जातो. पावसाळ्यात भिंत पाणी पिते आणि टोक सुटते. हे थांबवण्यासाठी १९६९ मध्ये कायदा करून इमारत दुरुस्ती मंडळ नेमले गेले आणि मुंबई बेटावरच्या जुन्या इमारतींवर उपकर बसला. अशा उपकरप्राप्त इमारती तेव्हा १९,६४२ होत्या. मंडळ टेकू देते, तुळया बदलते, पण खर्चाला मर्यादा आहे. ती ओलांडली की वरचे पैसे रहिवाशांनी भरायचे, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरायची. मालकाला सगळ्यात परवडते ते हे दुसरे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगावचे अर्थकारण मोडले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विक्रीला मोकळ्या केल्या. त्यांतला सार्वजनिक घरांचा आणि मैदानांचा वाटा २००१ च्या दुरुस्तीने फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरला. लोअर परळला काचेचे मनोरे आले, तसा शेजारच्या मोडक्या चाळीखालच्या जमिनीचा भाव चाळीच्या कितीतरी पट झाला. आता मालकाला इमारत पडण्यात फायदा आणि भाडेकरूला टिकून राहण्यात. दोघेही वाट पाहतात.

भाडेनियंत्रण नसते तर हे घडलेच नसते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात तथ्य आहे. गोठलेले प्रमाणभाडे काळाच्या ओघात अवाजवी झाले आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ मध्ये म्हटले. त्यानंतर आलेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ आणि पागडीला मान्यता दिली. पण एवढ्यावर सगळा दोष मांडता येत नाही. २७ सप्टेंबर २०१३ ला डॉकयार्ड रोडजवळची इमारत कोसळून ६१ जण मेले. ती महापालिकेची स्वतःची होती, जेमतेम तिशी ओलांडलेली, आणि तिथे पालिकेचेच कर्मचारी राहत होते. त्याच वर्षी ४ एप्रिलला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदा इमारत वरचे मजले चढवले जात असतानाच पडली आणि ७४ माणसे गेली. खालच्या मजल्यांवर माणसे राहत होती, कारण शहरात परवडेल असे दुसरे काही नव्हते. एकीकडे मालक सरकारी, दुसरीकडे इमारत कोरी. भाडेनियंत्रणाचा दोन्हीशी संबंध नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. नोटीस मिळूनही लोक हलत नाहीत, मग दोष कोणाचा? ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत पडून ३३ जण मेले. ती आधीच धोकादायक ठरलेली होती आणि काही कुटुंबे तिथून हललीही होती. उरलेली का राहिली याचे उत्तर संक्रमण शिबिरांत शोधावे लागते. काही वर्षांसाठी म्हणून गिरगाव-डोंगरीहून गोरेगावच्या किंवा धारावीच्या शिबिरात गेलेल्यांची मुले तिथेच लग्नाची झाली. मूळ जागी घर न मिळालेल्यांची नावे बृहत्सूचीत वर्षानुवर्षे पडून आहेत. शाळा बदलते, कामाची जागा दूर जाते आणि हातात भाडेपावतीखेरीज काही राहत नाही. हे डोळ्यांसमोर असताना टेकू लावलेल्या खोलीत राहणारा माणूस अविचारी नाही. छप्पर या पावसात पडेल की नाही, हे त्याला सांगता येत नाही. गेलो तर परतणार नाही, हे मात्र त्याने शेजाऱ्याच्या घरात पाहिलेले असते. त्याचा हा हिशेब जीवघेणा आहे, हे मान्यच. पण तो बदलायचा असेल तर दुसऱ्या बाजूची अनिश्चितता कमी करावी लागेल. पोलीस आणून वीज-पाणी तोडल्याने ती वाढते.

ती कमी करता येते, हे त्याच बीडीडी चाळींत दिसले. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना तिथल्याच जमिनीवर ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षांपूर्वी जिथे राहायला फारसे कोणी जात नव्हते, तिथून आता कोणी जायला तयार नव्हते. घर त्याच जागी परत मिळेल असा शब्द मिळाल्यावर ही कुटुंबे हलली. मात्र अशा नव्या मनोऱ्यांची लिफ्ट, पाणी आणि सफाई यांचा मासिक खर्च जुन्या भाड्याच्या कितीतरी पट असतो. तो न झेपल्याने घर विकून कल्याण-बदलापूर गाठावे लागले, तर वस्ती गेलीच. म्हणून हा खर्च कोण आणि किती वर्षे उचलणार, हेही घर सोडण्याआधीच ठरले पाहिजे. दर पावसाळ्याच्या तोंडावर मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. तिच्यात प्रत्येक इमारतीच्या नावापुढे रहिवाशांना कोणत्या जागी, किती चौरस फूट आणि कोणत्या तारखेपर्यंत परत मिळणार, हे नोंदणीकृत कराराच्या क्रमांकासह छापा. तो रकाना कोरा असेल, तर खोली सोडत नाहीत म्हणून त्या माणसांना दोष देऊ नका.