मेरी-क्लेअर किंग : कर्करोगाचे कारण शोधणारे संशोधन आणि त्याचा परिणाम

डॉ. मेरी-क्लेअर किंग (जन्म २७ फेब्रुवारी १९४६) या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ आहेत. काही कुटुंबांत स्तनाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या का दिसतो, याचे उत्तर त्यांच्या संशोधनातून मिळाले. १९९५ पासून त्या सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात कार्यरत आहेत. आपल्या वस्त्यांत आजही कर्करोग झालेल्या बाईला ‘मागच्या जन्माचे भोग’ असे ऐकवले जाते. म्हणून हे काम आपल्या तरुणांना माहीत असायला हवे.

सुरुवातीचे संशोधन

गणिताची पदवी घेतल्यावर किंग यांनी बर्कली येथे अॅलन विल्सन यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली. १९७५ मध्ये दोघांचा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. माणूस आणि चिंपांझी यांची प्रथिने सरासरी ९९ टक्क्यांहून अधिक सारखी आहेत, असे त्यात दाखवले होते.

बीआरसीए-१ चा शोध

स्तनाच्या कर्करोगासारखा गुंतागुंतीचा आजार एका जनुकामुळे होऊ शकतो, हे त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञांना पटत नव्हते. किंग यांनी पुरावा गोळा करण्यात सुमारे १७ वर्षे घालवली. १९८८ मध्ये १,५७९ रुग्ण महिलांच्या कुटुंबांची माहिती गणिताने तपासून त्यांच्या गटाने दाखवले की, थोड्या कुटुंबांत हा आजार एका जनुकाने पुढे जातो. १९९० मध्ये २३ कुटुंबांतील १४६ रुग्णांच्या अभ्यासातून त्या जनुकाची जागा १७व्या गुणसूत्रावर असल्याचे सिद्ध झाले. १९९४ मध्ये मार्क स्कोल्निक यांच्या गटाने प्रत्यक्ष जनुक वेगळे केले.

हे जनुक तुटलेल्या डीएनएच्या दुरुस्तीत मदत करते. त्यातला बिघाड आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो. याच ज्ञानावर आधारलेले ओलापॅरिब हे औषध २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले.

जनुक म्हणजे नशीब नव्हे

स्तनाच्या कर्करोगाच्या १०० रुग्णांपैकी साधारण ५ ते १० जणींचाच आजार आनुवंशिक असतो. २००३ मध्ये किंग यांच्या गटाने न्यू यॉर्कमधील ज्यू कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जनुकात बिघाड असलेल्या, १९४० पूर्वी जन्मलेल्या स्त्रियांत पन्नाशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका २४ टक्के होता, तर १९४० नंतर जन्मलेल्यांत तो ६७ टक्के होता. किशोरवयात व्यायाम असलेल्या आणि लठ्ठपणा नसलेल्या स्त्रियांत आजार उशिरा आला. बिघाड सारखाच, पण परिस्थिती बदलली की परिणाम बदलतो. प्रतीत्यसमुत्पाद जाणणाऱ्याला हे सहज कळेल.

न्यायासाठी विज्ञान

अर्जेंटिनातील लष्करी राजवटीत (१९७६–८३) पकडून नेलेल्या तरुण जोडप्यांची मुले चोरून इतरांना दिली गेली. ती शोधण्यासाठी ‘प्लाझा दे मायो’च्या आज्या लढत होत्या. १९८४ पासून किंग यांनी त्यांना मदत केली. आईकडूनच येणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएच्या आधारे आजी आणि नातवंडाचे नाते सिद्ध करता येऊ लागले. आजवर १३० हून अधिक नातवंडांची ओळख पटली आहे.

बीआरसीए जनुकांवर मिरियड जेनेटिक्स या कंपनीने पेटंट घेतले होते. चाचणीचा खर्च तीन हजार डॉलरच्या वर गेला होता. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक डीएनएवर पेटंट घेता येणार नाही, असा एकमताने निर्णय दिला. किंग यांनी या निर्णयाचे स्वागत केले. २०१४ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

आपल्यासाठी अर्थ

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त तपासताना आनुवंशिकतेचे विज्ञान पुढे ठेवले होते. किंग यांचे काम त्याच दिशेने जाते. आजाराला कारण असते आणि ते शोधता येते. रुग्णाला दोष देण्याने काहीच साधत नाही.

कार्यकर्त्यांनी आरोग्य शिबिरात एक प्रश्न जरूर विचारावा : आईकडच्या किंवा वडिलांकडच्या नात्यात कोणाला कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का? उत्तर ‘हो’ आले, तर त्या कुटुंबाला डॉक्टरांकडे जनुकीय सल्ल्यासाठी पाठवावे. मुंबईत टाटा मेमोरियल सेंटरमध्ये ही सोय आहे. वेळेवर झालेल्या तपासणीने जीव वाचू शकतो.