कुरणातली अक्षरं

डहाणू तालुक्यातली जुनी माणसं बोलायला बसली की विषय कुठूनही निघो, गवतावर येतोच. 1945च्या मे महिन्यात झरीला परिषद झाली. किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीनं वारली आदिवासींनी वेठीला आणि लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबवणाऱ्या लग्नगड्याच्या प्रथेला नकार दिला. त्याच वर्षी 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी हवी म्हणून विळे खाली ठेवले. आमच्या शेजारच्या पाड्यावरचे एक आजोबा सांगायचे, "बापानं कापलेलं गवत किती भरलं, ते शेठ सांगेल तेवढंच. खाली अंगठा." वेठ सुटली, पण कागद वाचणारं घरात कुणी नव्हतं.

त्याच 1945 साली शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढं हे काम कोसबादच्या टेकडीवर गेलं आणि माझी थोरली मावशी तरुणपणी तिथं शिकवायला लागली. तिच्या तोंडून ऐकलेलं असं : शाळेची घंटा व्हायची, पण मुलं यायची नाहीत. मुलगे गुरांमागे असायचे, मुलींच्या कडेवर धाकटं भावंड. मग बाईच निघाल्या. पाड्यावरच्या एखाद्या अंगणात बालवाडी भरू लागली. शाळेला जोडून पाळणाघर आणि बालवाडी आली, तशी थोरल्या बहिणीची कड मोकळी झाली आणि हातात पाटी आली. गुराख्यांसाठी तर शाळाच रानात गेली. तिचं नाव कुरणशाळा.

आजोबा त्याच कुरणात शिकले. आळीपाळीनं एकानं गुरं राखायची, बाकीच्यांनी झाडाखाली बसायचं. करंजाच्या बिया दहा-दहाच्या ओळीत मांडायच्या. मातीवर पाणी शिंपडून काडीनं अक्षर काढायचं. 'ग' सगळ्यांना लवकर आला, कारण गाय समोरच चरत होती. ज्या गवताच्या मापात बाप नाडला गेला, त्याच गवतात मुलगा हिशेब शिकला.

मावशी मात्र श्रेय पाड्याला द्यायची. अंगण सारवायच्या त्या तिथल्याच बाया. पोरांना हाताला धरून आणायची ती तिथलीच एखादी आजी. धान्यदेवी कणसरीची, वाघदेवाची गोष्टही तीच सांगायची, वारली बोलीतून. पोरं खिळून ऐकायची आणि त्या गोष्टीतलेच शब्द मग मातीवर उतरायचे.

आज पाड्यापाड्यावर शाळा आहे, पोषण आहार आहे, पुस्तकं आहेत. तरी घरी वारली बोलणारं पोर पहिलीत परक्या भाषेपुढं गप्प होतं आणि चौथीत गेलं तरी अडखळत वाचतं. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्या पालकांना नुसतं सहीपुरतं बोलावू नये. आठवड्यातून एक तास पाड्यावरच्या आजीला वर्गात बसवावं. तिनं गोष्ट सांगावी, पोरांनी आधी वारलीत आणि मग मराठीत लिहावी आणि घरी जाऊन तिलाच वाचून दाखवावी. आपली गोष्ट कागदावरून ऐकलेली म्हातारी दुसऱ्या दिवशी नातवाला गुरांमागे धाडणार नाही. ताराबाई-अनुताईंनी शाळा पाड्यावर नेली. आता पाड्याला शाळेत मानानं बसवणं, हे आपलं काम आहे.